समाधानाचे गुण

दिवाळीच्या अंकात दुखण्याखुपण्याचा विषय काढू नये, असा आपल्याकडे संकेत आहे. फराळाच्या ताटाशेजारी अंक उघडलेला असतो, अंगणात मुले फुलबाज्यांसाठी खोळंबलेली असतात. अशा वेळी इस्पितळाची आठवण कोणाला हवी असते? तरीही हा लेख मी दिवाळीच्याच अंकासाठी राखून ठेवला होता. त्याचे कारण पुढे ओघाने येईल. तोवर वाचकांनी थोडा धीर धरावा, एवढीच विनंती.

मी समीक्षा करणार आहे ती कादंबरीची नव्हे किंवा कवितासंग्रहाचीही नव्हे. एका प्रश्नपत्रिकेची.

२०२३ सालचा अधिक श्रावण होता. मुंबईच्या एका इस्पितळाच्या व्हरांड्यात, लाकडी बाकावर बसून, चार पानांचा तो छापील कागद मी माझ्या थोरल्या बहिणीला वाचून दाखवला. अक्काचा चष्मा वाईला घरीच राहिला होता. दीड वर्षापूर्वी, २०२२ च्या फेब्रुवारीत, तिच्या डाव्या स्तनात निघालेली कर्करोगाची गाठ काढली होती. सबंध स्तन काढला नव्हता. गाठ, तिच्याभोवतीचा थोडा निरोगी भाग आणि काखेतल्या काही ग्रंथी एवढे काढून बाकीचे राखले होते, आणि मग काही आठवडे किरणांचा उपचार दिला होता. डॉक्टर या पद्धतीला स्तन राखणारी शस्त्रक्रिया म्हणतात. आमच्या घरात मात्र अजूनही “अक्काच्या छातीचं ऑपरेशन” एवढेच म्हणतात.

कागदावर प्रश्न होते. आपल्या दिसण्याविषयी आपण कितपत समाधानी आहात? कपडे घातल्यावर? कपड्यांवाचून? हात हलवताना? मनाने? पतीच्या सहवासात? प्रत्येक प्रश्नापुढे चौकोन होते आणि त्यातल्या एकात खूण करायची होती. मी प्रश्न पुरता वाचायच्या आधीच अक्का म्हणे, “समाधानी. पूर्ण समाधानी. लिही.” पतीविषयीच्या प्रश्नाला तिने समोरच्या भिंतीकडे पाहिले आणि मग म्हणाली, “पूर्ण.” कागद गोळा करायला आलेल्या मुलीने तो चाळून पाहिला आणि खुशीत म्हणाली, “वा मावशी, किती छान!”

वीस वर्षे मी लहान मुलांच्या उत्तरपत्रिका तपासते आहे. शंभरपैकी शंभर गुण दिसले की मला आनंदाआधी शंका येते. उत्तर खरोखरच आले आहे, की प्रश्नच असा घातला आहे की त्याला दुसरे उत्तर देता येऊ नये? त्या संध्याकाळच्या एस. टी. त हीच शंका माझ्या मनात घोळत राहिली. माझे शिक्षण मॅट्रिकपुढे गेले नाही आणि वैद्यकातले मला काही कळत नाही. परंतु प्रश्नपत्रिका हीदेखील माणसाने शब्दांत केलेली रचनाच असते. शब्दांची पारख करणे हा तर माझा रोजचा धंदा आहे. म्हणून मी त्या कागदाची कुळकथा शोधायला लागले.

ती मला सापडली एका कादंबरीकर्तीच्या पत्रात.

फॅनी बर्नी ही इंग्रज लेखिका १७७८ साली ‘एव्हलिना’ या कादंबरीने नावारूपाला आली. एका फ्रेंच सेनाधिकाऱ्याशी तिने लग्न केले आणि ती पॅरिसला जाऊन राहिली. तेथे ३० सप्टेंबर १८११ रोजी, वयाच्या ५९ व्या वर्षी, नेपोलियनच्या सैन्याचा सुप्रसिद्ध शस्त्रवैद्य लारे याने तिचा उजवा स्तन कापून काढला. भूल देण्याची युक्ती सापडायला अजून पस्तीस वर्षे होती. थोडेसे मद्य एवढाच काय तो आधार. पुढे कित्येक महिने तिला त्याविषयी बोलवेना. अखेर १८१२ साली तिने आपल्या बहिणीला एक दीर्घ पत्र लिहिले. लिहायला तिला महिने लागले आणि लिहिलेले पुन्हा वाचून पाहण्याचा धीर तिला झाला नाही.

त्या पत्रात रक्त आणि किंकाळ्या आहेतच. पण मला हलवून गेला तो त्याआधीचा एक लहानसा प्रसंग. तिच्या तोंडावर तलम रुमाल टाकलेला आहे. त्यातून तिला दिसते की वैद्याचे बोट हवेत एक उभी रेघ काढते आहे, मग फुली, मग वर्तुळ. म्हणजे सगळाच स्तन जाणार! ती ताडकन उठून बसते, रुमाल दूर करते आणि स्वतःचा हात खाली धरून सांगू लागते की, माझी वेदना सगळीकडे पसरते खरी, पण ती उगवते एकाच बिंदूतून. सातही पुरुष तिचे बोलणे लक्षपूर्वक ऐकून घेतात. कोणी एक शब्द बोलत नाही. मग लारे तिला पुन्हा आडवी करतो आणि रुमाल पुन्हा तिच्या तोंडावर पसरतो.

त्या वैद्यांना दोष देण्यासाठी मी हे सांगत नाही. त्या काळच्या ज्ञानाप्रमाणे त्यांनी केले ते योग्यच होते. बर्नी त्यानंतर २८ वर्षे जगली आणि १८४० साली, ८७ वर्षांची होऊन वारली. तरीही ‘एकाच जागी दुखते, तेवढेच काढता येणार नाही का?’ हा प्रश्न एका बाईने स्वतःच्या तोंडाने विचारला, तो ऐकला गेला, आणि त्याला उत्तर मात्र मिळाले नाही. ते मिळायला पुढे दीडशेहून अधिक वर्षे जावी लागली.

मधल्या काळात कापणे वाढतच गेले. अमेरिकेत बाल्टिमोरच्या हॉल्स्टेड नावाच्या शस्त्रवैद्याने १८९४ साली आपले ५० रोगी जगापुढे मांडले. स्तन, त्याखालचे छातीचे स्नायू, काखेतल्या ग्रंथी, सारे एकदम काढायचे, अशी त्याची पद्धत होती. पुढे जवळजवळ पाऊणशे वर्षे तीच प्रमाण मानली गेली. बायका वाचत, पण बरगड्यांवर कातडे ताणलेले आणि हात सुजलेला अशा स्थितीत. त्या काळात निराळा सूर काढणारे थोडे होते. त्यांतल्या एकाचे नाव साहित्यरसिकांना ऐकून माहीत असेल, कारण विल्यम ब्लेक या कवीचे समग्र लेखन संपादित करणारा तो हाच जेफ्री कीन्स! लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू इस्पितळात तो शस्त्रवैद्य होता. १९२० नंतरच्या दशकात गाठीभोवती रेडियमच्या सुया ठेवून, स्तन न काढता, त्याने उपचार सुरू केले आणि १९३७ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्याचे म्हणणे फारसे कोणी मनावर घेतले नाही. कवितेची एक ओळ गाळताना ज्याचा हात अडखळत असेल, त्याचा हात शरीरावरही अडखळला असेल काय? हा माझा लेखकी तर्क आहे, पुरावा नव्हे.

पुरावा आला तो दोन मोठ्या प्रयोगांतून. इटलीत मिलान येथे व्हेरोनेसी यांनी १९७३ ते १९८० या काळात, लहान गाठ असलेल्या ७०१ बायकांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले. एका गटाला हॉल्स्टेडची शस्त्रक्रिया, दुसऱ्याला स्तन राखून किरणोपचार. वीस वर्षांनी, २००२ साली, हिशेब प्रसिद्ध झाला. पहिल्या गटात ४१.२ टक्के बायका वारल्या होत्या आणि दुसऱ्यात ४१.७ टक्के. म्हणजे फरक नाहीच म्हणायचा. राखलेल्या स्तनात रोग पुन्हा उलटण्याचे प्रमाण मात्र थोडे अधिक होते, ८.८ टक्के, दुसरीकडे २.३. अमेरिकेत फिशर यांच्या प्रयोगानेही जगण्याच्या बाबतीत तेच दाखवले, आणि आणखी एक गोष्ट सांगितली. केवळ गाठ काढून किरण दिले नाहीत, तर वीस वर्षांत ३९.२ टक्के बायकांच्या त्याच स्तनात रोग परतला. किरण दिले त्यांत १४.३ टक्के. म्हणून अक्काला शस्त्रक्रियेनंतर रोज किरणांसाठी जावे लागले.

या वैद्यांबरोबर एका बाईचे नाव घेतले पाहिजे. रोझ कुशनर ही अमेरिकन पत्रकार. त्या काळी गाठ तपासायला म्हणून भूल देत आणि ती वाईट निघाली तर त्याच मेजावर स्तन काढून टाकीत. बाईला कळे ते शुद्धीवर आल्यावर. १९७४ साली स्वतःवर वेळ आली तेव्हा कुशनर म्हणाली, आधी तपासा, मला सांगा, मग मी ठरवीन. १९७५ साली तिने त्यावर पुस्तक लिहिले, आणि १९७९ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्यसंस्थेच्या सभेने तिचेच म्हणणे मान्य केले. तोंडावरचा रुमाल पुन्हा एकदा बाजूला झाला तो असा.

जीव वाचण्यात फरक नाही असे ठरल्यावर एक नवाच प्रश्न उभा राहिला. वाचलेली बाई जगते कशी? ते तिच्याशिवाय कोण सांगणार? म्हणून प्रश्नपत्रिका आल्या. त्यांतली सर्वांत नावाजलेली ‘ब्रेस्ट-क्यू’ ही २००९ साली प्रसिद्ध झाली. अक्काच्या हातातला कागद त्याच जातकुळीचा होता. ती रचणाऱ्यांनी आधी बायकांच्या मुलाखती घेतल्या आणि त्यांच्या बोलण्यातून प्रश्न घडवले. दिसण्याचे समाधान, मनाचे स्वास्थ्य, शरीराचे स्वास्थ्य, पतिपत्नीसंबंध असे भाग पाडले आणि प्रत्येक भागाला शून्यापासून शंभरपर्यंत गुण ठेवले. अशा कागदांच्या आधारे पुष्कळ पाहण्या झाल्या. सरासरीने पाहता, स्तन राखलेल्या बायका तो गमावलेल्या बायकांपेक्षा आपल्या शरीराविषयी अधिक समाधानी असतात, असे बहुतेक पाहण्यांत दिसते. किती भाग काढावा लागला, किरणांनी कातडे किती आवळले, यांवरही ते अवलंबून असते.

समीक्षकाने आधी गुण सांगावेत. या कागदाचा मोठा गुण हा की तो विचारतो. बर्नीला कोणी विचारले नव्हते. ती आपण होऊन बोलली आणि समोरून मौन मिळाले. जे बोलणे लाज म्हणून, कुलीनता म्हणून आपण गिळतो, त्याला या कागदाने चौकोन दिला. ‘कपड्यांवाचून’ हा शब्द आमच्या घरात कोणी उच्चारला नसता. तो छापील असल्यामुळे मला वाचता आला. शिवाय हजारो बायकांची उत्तरे एकत्र केली की त्यांतून जे दिसते, ते एकटीच्या रडण्यातून कोणाला दिसले नसते. हे कार्य लहान नाही.

आता दोष. तो इंग्रजी कागदात नाही, आमच्या भाषेत येताना शिरला आहे. तेथला शब्द ‘सॅटिस्फॅक्शन’. दुकानातून आणलेल्या छत्रीविषयीही तो विचारता येतो, आणि छत्री गळत असेल तर माणूस बेलाशक ‘नाही’ म्हणतो. दोष छत्रीचा ठरतो. मराठीत त्याच्या जागी आला ‘समाधान’. हा शब्द केवढा मोठ्या घरचा! तो कीर्तनातून आला, आजीच्या जात्यावरून आला. आपल्याकडे समाधान हा वस्तूचा गुण नसून माणसाचा गुण आहे. ज्याच्याजवळ काही नाही आणि तरीही जो समाधानी आहे, त्याच्या आपण पाया पडतो. “तुम्ही समाधानी आहात का?” असे वाईच्या बाईला विचारले की तिला वाटते, आपली परीक्षा चालली आहे. शस्त्रक्रियेची नव्हे, आपली! ‘नाही’ म्हणायचे म्हणजे मी अतृप्त, कुरकुरी, कृतघ्न अशी कबुली द्यायची. कोणती अक्का ती देईल?

दुसरा दोष यापेक्षा खोल आहे आणि तो कोणत्याही भाषेत राहणारच. तो समजायला मला दुसऱ्या एका लेखिकेचा उपयोग झाला. न्यूयॉर्कची कवयित्री ऑद्री लॉर्ड हिचा स्तन १९७८ साली काढला गेला. तिची शस्त्रक्रिया अक्काहून वेगळी, सबंध स्तन काढण्याची. पण प्रश्न तोच, नंतर कसे जगायचे. तिने १९८० साली ‘द कॅन्सर जर्नल्स’ या नावाने आपल्या नोंदी छापल्या. त्यात ती सांगते की, इस्पितळात एक प्रेमळ बाई तिला चोळीत घालायला लोकरीचा उंचवटा घेऊन आली. काही दिवसांनी तो न लावता ती दवाखान्यात गेली, तेव्हा तेथल्या परिचारिकेने सुनावले की, तुम्ही असे आलात तर इतरांचे मनोधैर्य खचते. लॉर्ड संतापली. अशा सगळ्या बायका खोटा उंचवटा लावून हिंडल्या, तर त्या एकमेकींना ओळखणार कशा, असा तिचा सवाल होता. १९९२ साली कर्करोगानेच ती गेली, पण तिच्या लेखनातला तो ताठ कणा अजून वाकलेला नाही.

या लॉर्डबाईला आमचा कागद दिला असता तर? दिसण्याविषयी समाधानी? नाही. इस्पितळाच्या वागण्याविषयी? मुळीच नाही. बेरीज शून्याकडे गेली असती. आणि माझ्या अक्काचे शंभर! आता मी विचारते, या दोघींत बरी कोण? आपल्या दुःखाला नाव देऊन त्याच्याशी भांडणारी, की भिंतीकडे पाहून ‘पूर्ण’ म्हणणारी? आकडा आपल्याला सांगतो त्याच्या नेमके उलटे खरे असू शकते. असमाधान कित्येकदा प्रकृतीचे लक्षण असते; समाधान कित्येकदा मौनाचे.

एवढे सारे मी वाचून काढले, वहीत टिपणे केली आणि मनात म्हटले की लेख झाला. पण तो झाला नव्हता.

त्या वर्षी दिवाळीला आम्ही सारी भावंडे वाईला अक्काकडे जमलो. आमच्या घरची रीत अशी की नरकचतुर्दशीला पहाटे अक्काने सगळ्यांना तेल-उटणे लावायचे आणि शेवटी मी तिची पाठ रगडायची. आई गेल्यापासून हा तिचा मान. २०२२ सालच्या दिवाळीत मात्र आम्ही उठलो तेव्हा अक्काचे न्हाणे होऊन गेले होते. “बंब लवकर तापला,” म्हणाली. केवढी उरकाची बाई, म्हणून सगळ्यांनी कौतुक केले. २०२३ ला मी तीनलाच उठले. न्हाणीघरात दिवा होता. दार नुसते लोटलेले. आत अक्का पाटावर बसली होती, तेलाची वाटी समोर, आणि उजव्या हाताने डावा हात वर उचलून धरायची खटपट करीत होती. तो खांद्याच्या वर जात नव्हता.

‘बरी आहेस ना?’ हा प्रश्न माझ्या ओठांवर आला होता. मी तो गिळला. त्याचे उत्तर मला ठाऊक होते. मी म्हटले, “अक्का, खांद्याला तेल मी लावू का?”

ती पुष्कळ वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “लाव. पण दिवा जरा लांब ठेव.”

तेल लावता लावता ती बोलू लागली. “हात वर जात नाही गं. वर्ष झालं. फडताळातले डबे खालच्या कप्प्यात आणले, कोणाच्या ध्यानात आलं नाही. डाव्या कुशीवर झोपवत नाही. आणि ह्यांच्यासमोर...” पुढचे ती बोलली नाही. मी विचारले, “मग त्या कागदावर पूर्ण समाधानी असं का लिहायला लावलंस?” त्यावर ती जे म्हणाली ते कोणत्याच समीक्षकाला सुचले नसते. “अगं, त्यांनी माझा जीव वाचवला. ह्यांनी आणि पोरांनी पाळीपाळीने दादरच्या धर्मशाळेत दिवस काढले. आणि मी काय हाताची तक्रार लिहू? बरं दिसतं का ते?”

उपकार आणि समाधान यांची अशी गाठ बसलेली असते. ती कोणत्या शस्त्राने सोडवायची? रोग्याने दिलेले गुण हे बहुधा उपचाराला दिलेले गुण नसतात, ती परतफेड असते. म्हणून माझे एवढेच म्हणणे आहे की कागद जरूर असावा, पण त्यात ‘समाधानी आहात का’ यापेक्षा ‘वरच्या फळीवरचा डबा काढता येतो का’, ‘कोणत्या कुशीवर झोपता’, ‘वेणी स्वतः घालता का’ असे विचारलेले असावे. ज्यांनी जीव वाचवला त्यांच्या देखत तो भरून घेऊ नये. आणि उत्तर वाईट आले, तर त्यावर काही करणारे कोणी तरी असावे. नाहीतर बर्नीचे ऐकणारे सात पुरुष आणि आपला छापील कागद यांत फरक तो काय राहिला?

अक्काला मी पुन्हा मुंबईला नेले. तेथल्या व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी सांगितले, असा हात आखडणे नेहमीचेच, लवकर आला असतात तर लवकर सुटला असता, अजूनही सुटेल. अक्का सकाळी देवपूजेनंतर भिंतीवर बोटे चढवीत हात वर न्यायची. रोजची उंची पेन्सिलीने खूण करून ठेवायची, आपण मुलांची उंची मोजतो तशी. पेन्सिलीच्या त्या खुणा हळूहळू वर सरकत गेल्या.

२०२४ च्या पावसाळ्यात तोच कागद पुन्हा हातात आला. या वेळी चष्मा बरोबर होता. अक्काने तो स्वतः वाचला, ओठ हलवीत, परीक्षेला बसल्यासारखा. हाताच्या प्रश्नापाशी थांबून तिने ‘थोडीशी समाधानी’ या चौकोनात खूण केली. पुढे आणखी एका ठिकाणी ‘असमाधानी’ असेही केले. कोठे ते मी पाहिले नाही. कागद घेणाऱ्या मुलीचा चेहरा जरासा उतरला. वर्षभरात गुण घटलेले पाहून तिला वाटले असेल, मावशींची प्रकृती ढासळली.

आकड्यांच्या वहीत तशीच नोंद झाली असेल. मला मात्र वीस वर्षांत प्रथमच एखाद्या विद्यार्थिनीचे गुण कमी झालेले पाहून पेढे वाटावेसे वाटले.

वाचकहो, भारतात बायकांना होणाऱ्या कर्करोगांत आज हाच सर्वांत अधिक आढळतो. आपल्याकडे बाई गाठ लपवते, उशिरा दाखवते, आणि मग राखण्यासारखे काही उरत नाही. तेही एक प्रकारचे ‘बरी आहे’च म्हणायचे! तेव्हा या नरकचतुर्दशीला घरातल्या थोरल्या बाईची पाठ कोणी तरी रगडा. बरी आहेस का, असे विचारू नका. दिवा लांब ठेवायचा की जवळ, एवढेच विचारा.